व्हर्जिनियाचं जुनं घराणं शोधायचंय? आधी जमिनीचा माग काढा

अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या यजमानांचं आजोळ व्हर्जिनियाचं. आजींनी जपून ठेवलेल्या एका कागदावर तीन पिढ्यांची नावं आहेत आणि खाली लिहिलंय, ‘नॉर्दर्न नेक, तंबाखूचा मळा, सुमारे १६९०’. नॉर्दर्न नेक म्हणजे व्हर्जिनियातला, रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक या नद्यांमधला पट्टा. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत त्यातल्या सगळ्यात जुन्या पुरुषाचे दोन वेगवेगळे बाप दाखवलेत आणि दोघांचंही नाव जॉन. खरा बाप कोणता आणि शोधायला सुरुवात कुठून करायची, असं त्या विचारतात.

ताई, त्या तयार वंशावळी काही महिने उघडूच नका. त्या सगळ्याच चुकीच्या असतात असं नाही, पण एकदा ते नाव डोक्यात बसलं की मूळ कागद वाचतानाही डोळे तेच शोधत राहतात. मी पुण्यात मोडी कागद आणि गावच्या फेरफार नोंदी वाचत या कामाला लागलो. व्हर्जिनियाच्या दप्तराकडे पुष्कळ नंतर वळलो. दोन्हीकडे एकच अनुभव आला. जन्माची नोंद सापडत नाही, लग्नाची सापडत नाही, पण जमिनीचा व्यवहार झाला की कागद होतोच. वसाहतीच्या काळातल्या व्हर्जिनियात सरकारी जन्मनोंदणी आजच्यासारखी नव्हती, आणि चर्चच्या नोंदवह्या बऱ्याच ठिकाणी नाहीशा झाल्या. तंबाखू, जमीन आणि कर्ज यांचे कागद मात्र काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात जपले गेले, कारण त्यावर लोकांचं पोट होतं.

तेव्हा माणसाच्या नावामागे धावू नका. त्याच्या जमिनीचा तुकडा धरा आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला ते बघा. जॉन नावाची माणसं एका काउंटीत पाच असतील. अमुक ओढ्याच्या काठची अमुक एकर जमीन एकच असते.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून तुमच्याच मुलखातलं, म्हणजे नॉर्दर्न नेकमधलं, एक घराणं उदाहरणाला घेतो. जॉर्ज वॉशिंग्टनचं. तो राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून नाही. त्याच्या माउंट व्हर्ननच्या जमिनीचा कागद सलग सव्वाशे वर्षं मिळतो आणि त्यात नवख्याला फसवणारे जवळजवळ सगळे खड्डे आहेत, म्हणून.

पहिला वॉशिंग्टन, जॉन, इंग्लंडहून १६५६-५७ च्या सुमारास आला आणि त्याने अॅन पोपशी लग्न केलं. सासऱ्याने जावयाला मॅटॉक्स क्रीकवरची ७०० एकर जमीन दिली. इथेच पहिली गोष्ट लक्षात ठेवा. एखाद्या तरुणाच्या हातात खरेदी न करता, सनद न घेता एकदम जमीन आली, तर बायकोचं माहेर शोधा. १६७४ मध्ये या जॉनने निकोलस स्पेन्सर नावाच्या भागीदाराबरोबर पोटोमॅक नदीकाठी, लिटल हंटिंग क्रीकला लागून, ५,००० एकर मिळवली. पुढचं माउंट व्हर्नन ते यातलंच. जॉनच्या मृत्युपत्राने त्याचा अर्धा वाटा मुलगा लॉरेन्सकडे गेला. १६९० मध्ये स्पेन्सरच्या वारसांशी सरसनिरस वाटणी झाली. लॉरेन्स १६९८ मध्ये वारला आणि मृत्युपत्रात त्याने ही २,५०० एकर मुलीला दिली. मुलीचं नाव मिल्ड्रेड.

आता वॉशिंग्टन हेच नाव धरून शोधणाऱ्याचं काय होतं बघा. मिल्ड्रेडचं लग्न रॉजर ग्रेगरीशी झालं आणि जमीन ग्रेगरींच्या नावात शिरली. सूचीत वॉशिंग्टन बघितलं तर या जमिनीचा पत्ताच नाही. १७२६ मध्ये मिल्ड्रेडचा सख्खा भाऊ ऑगस्टिन याने ती १८० पौंडांना विकत घेतली, तेव्हा ती पुन्हा घराण्याच्या नावावर आली. खरेदीखत विकणाऱ्याच्या सूचीत ‘ग्रेगरी’खाली आहे. ज्याने फक्त नाव धरलं त्याला वाटतं की ऑगस्टिनने कोणा परक्याकडून जमीन घेतली. ज्याने जमीन धरली त्याला भाऊ, बहीण आणि मेव्हणा असे तिघंही एका दस्तात सापडतात.

पुढे ऑगस्टिनने १७४३ मध्ये, मरणाच्या आदल्या दिवशी, ११ एप्रिलला मृत्युपत्र केलं. हंटिंग क्रीकची जमीन थोरल्या लॉरेन्सला, वेस्टमोरलँडची जुनी शेती धाकट्या ऑगस्टिनला आणि रॅपाहॅनॉकच्या काठचं राहतं शेत अकरा वर्षांच्या जॉर्जला. लॉरेन्स आणि धाकटा ऑगस्टिन ही पहिल्या बायकोची, जेन बटलरची मुलं. जॉर्ज दुसरीचा, मेरी बॉलचा. असल्या कागदांत ‘सावत्र’ हा शब्द येईलच असं नसतं. भाऊ म्हणजे भाऊ, मग आई कोणतीही असो. कधीकधी तर बायकोच्या भावालाही नुसतं ‘भाऊ’च म्हटलेलं असतं.

१७५२ मध्ये लॉरेन्स वारला. त्याने माउंट व्हर्ननची जमीन बायको अॅन फेअरफॅक्स हिला हयातभर उपभोगायला दिली, तिच्यामागे मुलगी सारा, आणि साराला वंश राहिला नाही तर जॉर्ज, अशी रचना केली. अॅनने त्याच वर्षाच्या शेवटी जॉर्ज ली याच्याशी दुसरं लग्न केलं. सारा १७५४ मध्ये गेली. पण अॅन जिवंत होती, म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन मालक झाला नाही. त्याने त्याच डिसेंबरात वहिनीकडून आणि तिच्या नव्या नवऱ्याकडून ती जागा भाडेपट्ट्याने घेतली. भाडं ठरलं दर वर्षी १५,००० पौंड वजनाचा तंबाखू. अॅन १७६१ मध्ये वारली तेव्हा कुठे जमीन त्याच्या मालकीची झाली. सहा वर्षांहून जास्त काळ माणूस स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात भाडेकरू होता. तुमच्या शोधात जर कोणी बापाच्या मृत्यूनंतर आठ-दहा वर्षांनी अचानक मालक म्हणून उगवला, तर मधल्या काळात एखादी विधवा जिवंत होती का, हे आधी बघा.

हे सगळं कागदोपत्री शोधताना काउंटीची नावं बदलत जातात आणि तिथे निम्मे लोक हरतात. हीच हंटिंग क्रीकची जमीन सनद घेतली तेव्हा स्टॅफर्ड काउंटीत होती. १७३१ मध्ये प्रिन्स विल्यम काउंटी निघाली, जमीन तिच्यात गेली. १७४२ मध्ये फेअरफॅक्स निघाली, जमीन तिच्यात गेली. जमीन एक इंचही हलली नाही, दप्तर मात्र दोनदा बदललं. शिवाय मृत्युपत्र जमीन जिथे आहे तिथे नाही, तर माणूस जिथे राहत होता तिथे नोंदवलेलं असतं. म्हणून ऑगस्टिनचं मृत्युपत्र किंग जॉर्ज काउंटीत आहे. आणि ते रॅपाहॅनॉकच्या काठचं शेत, ज्याला आज फेरी फार्म म्हणतात, ते तेव्हा किंग जॉर्जमध्ये होतं आणि आज स्टॅफर्डमध्ये आहे. आपल्याकडे तालुका फुटून नवा झाला की जुने फेरफार जुन्या तहसीलला राहतात, तसंच. म्हणून तुमच्या घराण्याचं गाव कळलं की सगळ्यात आधी त्या जागेच्या काउंट्यांचा वंशवृक्ष काढा, माणसांचा नंतर.

आणि कोणतं दप्तर जळलंय तेही बघा. १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंड शहराला आग लागली तेव्हा सुरक्षित राहतील म्हणून तिथे आणून ठेवलेली कितीतरी काउंट्यांची कागदपत्रं खाक झाली. हॅनोव्हरची बहुतेक जुनी वही त्यात गेली. बकिंगहमचं कोर्ट १८६९ मध्ये जळलं. स्टॅफर्डचं दप्तर यादवी युद्धात लुटलं गेलं. तुमचं नशीब त्या मानाने बरं, कारण नॉर्दर्न नेकमधल्या वेस्टमोरलँड आणि लँकेस्टर काउंट्यांचे सतराव्या शतकातले कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत. युद्धात कागद कसे फिरले याची एक गोष्ट सांगतो. जॉर्जची पत्नी मार्था हिचं मृत्युपत्र फेअरफॅक्सच्या कोर्टातून एका सैनिकी अधिकाऱ्याने उचलून नेलं. हातोहात फिरत ते जे. पी. मॉर्गन या बँकवाल्याच्या संग्रहात पोहोचलं. व्हर्जिनिया राज्याने त्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९१५ मध्ये ते परत आलं. तेव्हा एखाद्या काउंटीत कागद नाही म्हणजे जगात नाही, असं समजू नका. उच्च न्यायालयात अपील गेलं असेल तर त्यात नक्कल असते, वाटणीचा दावा असेल तर आणखी एक नक्कल असते.

आता सनदांबद्दल. व्हर्जिनियात १६१८ पासून अशी पद्धत होती की जो कोणी एका माणसाला स्वतःच्या खर्चाने वसाहतीत आणेल त्याला माणशी ५० एकर. त्याला हेडराइट म्हणतात. सनदेच्या खाली आणलेल्या माणसांची नावं असतात, आणि नवखा माणूस ती यादी वाचून आनंदाने उडी मारतो, ‘मिळाला आमचा पूर्वज, १६३५ मध्ये आला!’ थांबा. ही यादी आल्याचं वर्ष सांगत नाही, कारण हक्क वर्षानुवर्षं राखून मग वटवले जात. ते विकले जात, विकत घेतले जात, आणि एकाच माणसाच्या नावावर दोघं-तिघं जमीन घेत. यादीतलं नाव नात्यातलं असेलच असंही नाही. पण या याद्या वाचायला हव्यात, कारण त्यांत भलतीच माणसं भेटतात. जॉर्ज मेनेफी नावाच्या सावकार-मळेवाल्याच्या १६३५ च्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं नाव आहे. पूर्वेकडच्या, आपल्या बाजूच्या समुद्रापलीकडून आलेला एक माणूस, १६३५ मध्ये, व्हर्जिनियात. त्याचं खरं नाव काय होतं, घरी कोणती भाषा बोलत होता, काही कळत नाही. पन्नास एकरांचा हक्क म्हणून तो कागदावर आला आणि तेवढाच उरला. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली त्या दिवशी पुढचं काही वाचवेना.

तुमच्या नॉर्दर्न नेकमध्ये मात्र हेडराइटवर भिस्त ठेवू नका. रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक या दोन नद्यांमधला हा पट्टा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६४९ मध्ये, परागंदा असताना, आपल्या काही सरदारांना देऊन टाकला. एका अर्थी इनामच. पुढे ते कल्पेपर आणि मग फेअरफॅक्स घराण्याकडे आलं. इथली जमीन वसाहतीच्या सरकारकडून नव्हे, या मालकांच्या कारभाऱ्यांकडून पैसे भरून मिळत असे, आणि त्या सनदांच्या वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात दोन्ही प्रकारच्या वह्यांच्या प्रतिमा घरबसल्या मोफत बघता येतात. दुसरं म्हणजे १७०४ ची जी प्रसिद्ध सारा-यादी सगळे वापरतात, वसाहतभरच्या जमीनदारांची, तिच्यात नॉर्दर्न नेक नाही. तिथे नाव दिसलं नाही म्हणून तुमचा माणूस नव्हता असं ठरवू नका.

मोजणीच्या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे, तो जरूर घ्या. तिथल्या सनदांत चौकोनी गट नसतात. ‘ओढ्याच्या मुखाशी असलेल्या पांढऱ्या ओकपासून, उत्तर ४० अंश पूर्व, १२० पोल, अमक्याच्या हद्दीच्या हिकरीपर्यंत’ अशी झाडाझाडाची वाट असते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत जी साखळी वापरली ती ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. म्हणजे बरोबर दोन पोल. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. १६० चौरस पोल म्हणजेही तोच एकर. चार चौरस पोल झाले की तुमचा एक गुंठा. इंग्लंडच्या ६६ फुटी साखळीत ही दोन्ही मापं बिनचूक बसतात. शेतावर वाढलेल्या माणसाला हे आकडे लगेच डोळ्यांसमोर येतात.

आलेखाचा कागद, पट्टी आणि कोनमापक घ्या. वीस पोलांना एक सेंटीमीटर असं प्रमाण ठेवा. वरच्या वर्णनातली १२० पोलांची रेघ सहा सेंटीमीटर येईल. उभ्या उत्तर रेषेपासून उजवीकडे ४० अंश फिरवून ती ओढा. पुढची ओढ तिच्या टोकापासून. ओढ्याकाठची हद्द ‘ओढ्याच्या वळणांप्रमाणे’ अशीच लिहिलेली असते, ती सध्या तुटक ठेवा. शेवटची रेघ पहिल्या ओकपाशी परत आली पाहिजे. बऱ्याचदा येत नाही, आणि त्यातून मोजणीदाराची चूक किंवा नकलनविसाने गाळलेली एक ओळ सापडते. मग शेजाऱ्याच्या सनदेचा नकाशा तसाच काढून कापा आणि शेजारी सरकवून बघा. दोन कागद एका हिकरीच्या झाडापाशी जुळले की दोन घराणी शेजारी होती हे पक्कं. होकायंत्राची सुई शतकभरात सरकते, म्हणून आजच्या नकाशावर ठेवताना सगळा तुकडा थोडा फिरवावा लागतो, त्याने घाबरू नका.

शेजारी का महत्त्वाचे? आपल्या खरेदीखतात चतुःसीमा असते ना, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तीच इथे वंशावळीची किल्ली आहे. लग्नं शेजारच्या मळ्यात होत. साक्षीदार शेजारचे, पालक शेजारचे, मेल्यावर मालाची किंमत करायला नेमलेले तिघं-चौघंही शेजारचे. तुमच्या दोन जॉनपैकी खरा बाप कोण, याचं उत्तर बहुधा यातूनच येईल. एकाची जमीन एका ओढ्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या. मुलाने विकलेली जमीन कोणत्या ओढ्यावरची आहे? तिची हद्द कोणाला लागते? ती त्याच्याकडे कशी आली, हे खरेदीखतातच पुष्कळदा लिहिलेलं असतं. ‘जी माझे वडील अमुक यांनी मृत्युपत्राने मला दिली’ एवढी एक ओळ मिळाली तर दहा वेबसाइटींचा वाद मिटतो.

या खरेदीखतांत एक गंमतीदार रीत होती, ती ठाऊक नसेल तर एकाच व्यवहाराचे दोन होतात. एकाच जमिनीचा पहिल्या दिवशी वर्षाचा भाडेपट्टा, किंमत पाच शिलिंग. दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीचा हक्कसोड, खऱ्या किमतीला. दोन्ही मिळून एक विक्री. पाच शिलिंगांत शेकडो एकर दिली म्हणजे बापाने मुलाला दिली असणार, असा निष्कर्ष काढलेला मी छापील वंशावळीतही पाहिला आहे. पुढचं पान उलटलं असतं तर खरी किंमत दिसली असती. खताच्या शेवटी बायकोला बाजूला घेऊन, नवऱ्याच्या गैरहजेरीत, तिची संमती विचारल्याची नोंद असते. ती जरूर वाचा. पुष्कळ बायकांचं नाव आयुष्यात त्या एकाच जागी लिहिलेलं सापडतं.

मृत्युपत्रांबद्दल आता जरा सावकाश सांगतो, कारण इथे मराठी मन हमखास चुकतं. आपण गृहीत धरतो की वडिलोपार्जित जमिनीत सगळ्या भावांचा हक्क. व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्यापर्यंत, जो १७८७ पासून लागू झाला, मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. म्हणून मृत्युपत्रात थोरल्याचा उल्लेखच नाही असं दिसलं, तर तो आधी मेला असं समजू नका. त्याला कायद्यानेच मिळणार होतं किंवा बापाने हयातीतच दिलं होतं, असंही असू शकतं. कोणाला एकच शिलिंग दिला असेल, तर तो बापाच्या मनातून उतरला होता असं लगेच लिहू नका. बहुतेक वेळा त्याचा वाटा आधीच पोचता झालेला असतो.

शब्दांचे अर्थही बदललेले आहेत. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही, त्याच गावातला त्याच नावाचा वयाने लहान माणूस. ‘ऑर्फन’ म्हणजे बाप नसलेलं मूल, आई जिवंत असली तरी. आणि ‘सन-इन-लॉ’, ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणजे बऱ्याचदा सावत्र मूल. या शेवटच्या शब्दाने वॉशिंग्टन घराण्याचं मूळच उघड झालं. पहिला जॉन इंग्लंडच्या कोणत्या वॉशिंग्टनांपैकी, याबद्दल शंभर वर्षं चुकीचं सांगितलं जात होतं. इंग्लंडचे मोठे वंशावळकार सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ च्या सुमारास जे जुळवलं त्यात त्याच नावाचा दुसराच माणूस, थ्रॅपस्टनचे सर जॉन, घुसला होता. जोसेफ चेस्टर यांनी १८६६ मध्ये ते खोडून काढलं. पुढे हेन्री वॉटर्स यांनी इंग्लंडमधली मृत्युपत्रं एकेक करून वाचली आणि १८८९ मध्ये निष्कर्ष छापला. त्यात ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग याचं मृत्युपत्र आहे. त्यात अॅम्फिलिस वॉशिंग्टन हिला ‘डॉटर-इन-लॉ’ म्हटलंय आणि तिच्या मुलांना काही ना काही ठेवलंय. आजच्या अर्थाने सून म्हणून वाचलं तर सगळं घर उलटं बसतं. ती त्याची सावत्र मुलगी होती. तिच्या मुलांत जॉन आणि लॉरेन्स. तेच दोघं भाऊ व्हर्जिनियाला गेले. एका परक्या आडनावाच्या सावत्र आजोबाच्या मृत्युपत्रात उत्तर पडलं होतं. म्हणून सांगतो, आडनाव जुळत नाही म्हणून मृत्युपत्र सोडू नका.

आडनाव न जुळण्याचं मुख्य कारण बायकांची दुसरी-तिसरी लग्नं. हिवतापाने नवरे भराभर मरत, आणि जमीन असलेली विधवा फार दिवस एकटी राहत नसे. पहिल्या जॉन वॉशिंग्टनची शेवटची बायको फ्रान्सिस जेरार्ड. तिची पाच लग्नं झाली: स्पीक, पेटन, अॅपल्टन, वॉशिंग्टन, हार्डिज. म्हणजे एका बाईला शोधायला सहा आडनावं. मृत्यूनंतर मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा जो अर्ज असतो, त्यात ‘आता अमक्याची पत्नी’ असं लिहिलेलं मिळतं. त्या शब्दांवर बोट ठेवा.

माझी एक चूक सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. एका घराण्याचं काम करताना मी छापील गोषवाऱ्यावर विसंबलो. त्यात मृत्युपत्रातली मुलं होती, जमिनी होत्या, साक्षीदार मात्र गाळले होते. चार महिने मी एका माणसाला चुकीच्या बापाला जोडून पुढच्या तीन पिढ्या लिहीत राहिलो. शेवटी मूळ वहीची प्रतिमा उघडली तर साक्षीदारांत ज्याला मी मुलगा समजत होतो तोच होता. ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं, तो सहसा त्याच मृत्युपत्राचा साक्षीदार होत नाही. सगळं पुसून पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून गोषवारा मी फक्त पान नंबर मिळवण्यासाठी वापरतो.

मूळ वही वाचायला सुरुवातीला जड जाते. ती वहीदेखील कारकुनाने केलेली नक्कलच असते, त्यामुळे खालची सही मरणाऱ्या माणसाच्या हातची नसते. शब्दाच्या सुरुवातीला दोन लहान ‘एफ’ म्हणजे एक मोठा ‘एफ’. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. तारखांचंही सांभाळा. १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला बदलत असे. मृत्युपत्र ११ मार्च १६९७ चं आणि कोर्टाची मंजुरी ३० मार्च १६९८ ची दिसली, तर मध्ये एक वर्ष गेलं नाही, एकोणीस दिवस गेले. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म घरच्या बायबलात ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा आहे आणि आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ मानतो. वर्षाच्या फरकाचं कारण हेच, आणि दिवसांचा फरक १७५२ मध्ये पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले म्हणून.

ताई, आता जे सांगणार आहे ते तुम्हाला लवकरच दिसेल आणि त्याने मन खचेल. या मृत्युपत्रांत आणि मालाच्या याद्यांत पलंग, गाई, तंबाखूची पिंपं यांच्या रांगेत माणसांची नावं येतात. पुढे किंमत. व्हर्जिनियाने १७०५ मध्ये कायदाच केला की वारसाहक्कासाठी गुलाम माणसं जमिनीसारखी स्थावर धरायची. म्हणून जमिनीच्या मागे जाताना ती भेटणारच. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला, तेव्हा विधवेचा एक तृतीयांश हिस्सा तिला हयातीपुरता मिळाला, माणसांसकट. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम माणसं होती. जॉर्जने मृत्युपत्राने आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करायचं लिहिलं. कस्टिस हिश्श्यातले १५३ जण त्याला मुक्त करता आले नाहीत. नवरा एका हिश्श्यातला आणि बायको-मुलं दुसऱ्या, अशी कुटुंबं होती. मार्था १८०२ मध्ये वारली आणि ते १५३ जण तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. १७५७ मधल्या एका न लिहिलेल्या मृत्युपत्राने पंचेचाळीस वर्षांनी घरं फोडली.

तुमच्याच नॉर्दर्न नेकमध्ये नोमिनीच्या रॉबर्ट कार्टरने १७९१ मध्ये साडेचारशेंवर माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा दस्त नोंदवला, त्यात त्यांची नावं आणि वयं आहेत. असे दस्त थोडे. बहुतेक ठिकाणी फक्त मृत्युपत्रं आणि किंमत-याद्याच आहेत. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत क्वचित अपवाद सोडता नावंच नाहीत, वय, लिंग आणि वर्ण एवढंच. १८७० च्या आधी आपली माणसं शोधणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांना तुमच्या यजमानांच्या पूर्वजांच्या याच वह्या उघडाव्या लागतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. यादी उतरवताना फक्त स्वतःच्या घरच्यांची नावं उतरवू नका. त्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, कोणाची आई कोण, कोणाकडे दिलं, ते तसंच उतरवा, आणि लायब्ररीत किंवा स्थानिक इतिहास मंडळात द्या. आजींच्या कागदावर ते नव्हतं, तुमच्या कागदावर असू द्या.

आता प्रत्यक्ष काम. आजींपासून एकेक पिढी मागे जा, १६९० पासून पुढे नका येऊ. १८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे, तिथपर्यंत सहज जाल. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुख. व्हर्जिनियाची १७९० ची सगळी आणि १८०० ची जवळजवळ सगळी जनगणना शिल्लक नाही, तिची जागा १७८२ पासून सुरू होणाऱ्या जमीन-कराच्या वार्षिक याद्या भरून काढतात. एका माणसाची एकरं दरसाल बघा. ज्या वर्षी आकडा बदलला, त्या वर्षाचा दस्त किंवा मृत्युपत्र शोधा. तिथून काउंटीच्या खरेदीखतांच्या, मृत्युपत्रांच्या आणि कोर्टाच्या रोजकामाच्या वह्यांत शिरा. रोजकामाच्या वह्यांना सूची नसते, असली तर अपुरी, म्हणून लोक त्या टाळतात. टाळू नका. पालक नेमणं, रस्त्याची देखरेख, कर्जाचे दावे, सगळं तिथे आहे.

तुमचे ते दोन जॉन कोणत्या ओढ्याकाठी राहत होते, एवढं पहिल्या महिन्यात शोधा. दोघांची एकेक सनद आणि मुलाचं एक विक्रीखत मिळालं की त्यांतली हद्दीची वर्णनं मला पाठवा, शब्द न शब्द, झाडांसकट. कागदावर मांडून बघू या कोणाचा ओक कोणाच्या ओकाला लागतो ते.